पाटीत न बघता सौदा

नाखवाबाई मला पहिल्यांदा दिसल्या तेव्हा त्यांनी एका हाताने पोस्टमनचं कोपर धरलं होतं आणि दुसऱ्या हाताने विभागप्रमुख दामलेसाहेबांचं. पोस्टमनला पुढच्या इमारतीत टपाल टाकायचं होतं. दामलेसाहेबांना कुठेही जाणं चाललं असतं, फक्त तिथून सुटका हवी होती. बाई मधे उभ्या राहून खिदळत होत्या.

"बघितलंत ना साहेब? ओळख नाय, पाळख नाय, टपाल नाय, सही नाय. तरी जोडले गेलात की नाय दोघे? आता ओरडा."

"मी कशाला ओरडू?"

"तुम्ही पेशी आहात. तुम्हाला वाटतंय शत्रू आला. ओरडा!"

"ओ बाई, सोडा हो हात," पोस्टमन ओरडला.

"शाब्बास! साहेब, याला समजलं, तुम्ही डॉक्टरेट घेऊन गप्प."

परळच्या त्या संशोधन संस्थेत मी टेक्निशियनच्या जागेसाठी मुलाखतीला आले होते. गिरण्यांचा संप सुरू होऊन वर्ष उलटलं होतं. माझे वडील गिरणीत साचाखात्यातले, मागावरचे. डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत दुपारी इतके पुरुष घरी असत की बायकांना गॅलरीत बसायला जागा उरत नसे. मला नोकरी हवी होती, कुठलीही. मुलाखतीत दामलेसाहेबांनी मला सूक्ष्मजीवशास्त्राचे बरेच प्रश्न विचारले. नाखवाबाईंनी एकच विचारला.

"मासे घेताना काय बघतेस? कल्ले की भाव?"

"आधी भाव. परवडला तर कल्ले."

"ये उद्यापासून," त्या म्हणाल्या. दामलेसाहेब कागदावर काहीतरी लिहीतच होते.

बाई कफ परेडच्या मच्छीमार नगरातल्या. वडिलांची होडी होती, आई मासळीची पाटी घेऊन बाजारात बसायची. घरात पहिली मॅट्रिक झालेली मुलगी हीच आणि पहिली डॉक्टरेटही हीच, कारण मधे मी थांबलेच नाय, असं त्या सांगत. अंगाने रुंद, आवाजाने त्याहून रुंद. सुती साडीवर पांढरा कोट आणि केसांत अबोलीचा वळेसर. दामलेसाहेबांनी एकदा, प्रयोगशाळेत फुलं घालणं शास्त्रीय नाही, असं म्हटलं. दुसऱ्या दिवशी बाईंनी वळेसरातलं एक फूल जंतू वाढवायच्या प्लेटवर घासून ठेवलं आणि शेजारच्या प्लेटवर साहेबांच्या टायचं टोक घासलं. दोन दिवसांनी दोन्ही प्लेटा साहेबांच्या टेबलावर होत्या. टायवर जे उगवलं होतं ते बघून साहेबांनी टाय घालणं सोडलं. फुलांचा विषय पुन्हा निघाला नाही.

बाईंचा एक प्रश्न ठरलेला असे: "चिकटतं कुठे?" जगातली कुठलीही गोष्ट त्यांना याच प्रश्नाने समजून घ्यायची असे. कोणाचं लग्न ठरलं, कोणी पक्ष बदलला, कॅन्टीनचा भाव वाढला, तरी त्या विचारत, "ते खरं गो, पण चिकटतं कुठे?" आधी मला ही लकब वाटली. मग लक्षात आलं की त्यांच्या सगळ्या कामाचा प्रश्नच तो आहे.

झालं होतं असं. त्यांनी कधीतरी रुग्णालयात एक बाई पाहिली होती. हातावर लहानशी जखम, तिच्यात नेहमीचे पुवाचे जंतू, तेही थोडेच. पण बाईला फणफणून ताप, अंगभर लाल पुरळ, रक्तदाब पार खाली. "जंतू मूठभर आणि दंगा गावभर," नाखवाबाई म्हणत. "म्हणजे दंगा जंतू करत नाय. दंगा आपल्याच पांढऱ्या पेशी करतात. त्यांना कोणीतरी चिथावतं." चिथावणारं म्हणजे जंतूने सोडलेलं विष, टॉक्सिन. ते पेशीवरच्या कुठल्या जागी, कुठल्या रिसेप्टरला, कसं धरतं, एवढंच बाईंना शोधायचं होतं. रिसेप्टर म्हणजे पेशीच्या अंगावरची पकड. बाहेरून आलेली गोष्ट तिथे बसली की पेशीला निरोप पोचतो.

मला त्यांनी हे पहिल्या आठवड्यात समजावलं ते कागदावर नाही, अर्थातच. मला खुर्चीवर बसवलं आणि मांडीवर चाळणी दिली.

"तू कोळीण. ही तुझी पाटी. तू म्हणजे शरीरातली दाखवणारी पेशी. बाहेरचं काही सापडलं की तू ते खातेस, तुकडे करतेस आणि एक तुकडा पाटीत ठेवून बसतेस. आता गिऱ्हाईकं येतात. ती टी पेशी, पांढऱ्या पेशींतलीच एक जात. एकेकाची आवड ठरलेली. कोणाला बोंबील, कोणाला पापलेट, कोणाला नुसता जवळा. हजारो येतात, पाटीत डोकावतात, नाक मुरडून जातात. एखाद्याला मात्र हवा तोच तुकडा दिसतो. तो थांबतो. सौदा होतो. मग तो आपली माणसं वाढवतो आणि त्या शत्रूच्या मागे लागतो. असं कायद्याने चालतं."

"आणि विष?"

"विष पाटीत बसतच नाय!" त्या एवढ्या जोरात म्हणाल्या की बाहेरचा शिपाई आत डोकावला. त्यालाही धरलं. "हा गिऱ्हाईक. मी विष. मी तुझं कोपर धरते, याचं कोपर धरते आणि ओढते. पाटीत काय आहे कोणी बघितलं नाय. तरी दोघांना वाटतं सौदा झाला. मग असा एकच नाय, येईल त्या गिऱ्हाइकाला मी धरते. अख्खा बाजार एकदम ओरडायला लागतो. ताप तोच, पुरळ तेच, शॉक तोच."

"बाई, मी जाऊ?" शिपाई म्हणाला.

"जा. पण तू चांगला टी पेशी झालास."

दामलेसाहेबांचं मत वेगळं होतं. ते दुधातल्या जंतूंचे मोठे जाणकार. गिरगावात घर, आवाज मऊ, बूट चकचकीत. त्यांचं म्हणणं, टॉक्सिन हेही शेवटी प्रथिनच, तेव्हा बाकी प्रथिनांसारखं तेही तुकडे होऊन पाटीतच बसत असणार. आणि मुळात जंतू मारला की प्रश्न मिटला. मेलेल्या जंतूचं विष घेऊन एवढा संसार कशाला? हा संसार म्हणजे व्हरांड्याच्या टोकाची आमची खोली, तिच्यातलं सेंट्रिफ्यूज, एक इन्क्युबेटर आणि मी.

बाईंच्या कामाला ताजं रक्त लागे, त्यातल्या पांढऱ्या पेशींसाठी. संस्थेतल्या सगळ्यांचे हात टोचून झाले होते. बाई व्हरांड्यात दिसल्या की लोक बाह्या खाली करत. मग एका सकाळी त्या आमच्या चाळीत आल्या, हातात सिरिंजांचा डबा आणि खारी बिस्किटांची पिशवी.

माझे वडील गॅलरीत बसले होते. म्हणाले, "या बाई. मालकाने आटवलं त्यातलं जे उरलंय ते तुम्ही न्या."

"मला थोडंच पायजे काका. मी मालक नाय."

गॅलरी हसली. एका खारीच्या पुड्यावर अख्खा मजला बाह्या वर करून रांगेत. खरी गंमत पुढे झाली. बाईंनी नळ्यांना आकडे दिलेच नाहीत, नावं दिली. दोन-चार दिवसांनी परत येऊन त्यांनी ज्याचा त्याला निकालही सांगितला.

"गावडेमामा, तुमच्या पेशी विष बघून अशा खवळल्या की नळीत मावेनात."

गावडेमामा म्हणजे चाळीतला सर्वांत मुका माणूस. संपाच्या एकाही सभेत तोंड उघडलेलं नाही. ते ताठ उभे राहिले. "मी सांगतो काय तर! आत आहे माझ्या."

"आत आहे तर बाहेर काढा की," त्यांची बायको म्हणाली. "आणि माझं काय हो बाई?"

"तुमच्या शांत आहेत वहिनी."

"शांत? माझ्या?" वहिनींना ते इतकं लागलं की त्यांनी दुसऱ्यांदा रक्त दिलं. त्यानंतर आमच्या चाळीत कोणाच्या पेशी जास्त भांडखोर यावर पैजा लागत. कामावर परत कधी जायचं याच्यापलीकडे बोलायला काहीतरी मिळालं, असं वडील म्हणाले. संप मागे कधी घेतला गेलाच नाही. तो नुसता विरत गेला. वडिलांना पुन्हा साचाखातं मिळालं नाही, त्यांनी घोडपदेवला एका गोदामात वॉचमनची नोकरी धरली. पण बाईंचा डबा आला की बाही वर करायला ते सुट्टी टाकून घरी थांबत.

अशी काही वर्षं गेली. आणि मग समिती येणार असं कळलं.

समितीत तिघे होते, त्यांतले अध्यक्ष नागपूरचे डॉक्टर देशकर. समितीने ठरवायचं होतं की व्हरांड्याच्या टोकाची खोली चालू ठेवायची की सामान दामलेसाहेबांच्या दुधाच्या विभागाकडे द्यायचं. बाईंचं काम बंद तर माझी नोकरीही बंद, हे कोणी बोललं नव्हतं, पण मला गणित येत होतं.

बाईंनी एक प्रयोग आखला होता. कोळणीचे हात बांधायचे! दाखवणाऱ्या पेशींना असं औषध लावायचं की त्या जागच्या जागी ताठ होतील. खाणं बंद, तुकडे करणं बंद. अंगावरचे रिसेप्टर मात्र शाबूत. मग एका नळीत धनुर्वाताच्या लशीतलं प्रथिन घालायचं, जे बहुतेकांच्या पेशी ओळखतात. तुकडेच होणार नाहीत, तर पाटीत काही येणार नाही आणि टी पेशी गप्प बसतील. दुसऱ्या नळीत विष घालायचं. विष दामलेसाहेब म्हणतात तसं पाटीतून जात असेल तर इथेही सगळं गप्प. आणि बाई म्हणतात तसं बाहेरून कोपर धरत असेल तर दंगा. साधा, सरळ, हो किंवा नाही. फक्त औषधाचं प्रमाण जमत नव्हतं. कमी पडलं तर कोळीण थोडी हलायची, जास्त झालं तर मरून फुटायची. समितीच्या आदल्या आठवड्यात प्रमाण तेवढं जमलं, विषाची नळी अजून लावायची होती. बाईंनी खोलीतल्या खोलीत नाच केला आणि एक फ्लास्क फोडला.

समितीच्या दिवशी सकाळी दामलेसाहेब आमच्या खोलीत आले. जरा चाचरत म्हणाले, "नाखवाबाई, दुपारी पाहुण्यांचं जेवण आहे. बासुंदी मी स्वतः घरी केली आहे. फक्त... तुमचा तो डबा. सुकटाचा वास फार लांबवर जातो. तुम्ही आज इथेच जेवलात तर..."

मला राग आला. बाईंना हसू आलं. "साहेब, सुकट चिकटतं कुठे माहीत आहे का? नाकाला. आणि एकदा चिकटलं की सुटत नाय. जा तुम्ही, आम्ही इथेच जेवतो."

आम्ही खोलीत सुकट, भात आणि कांदा खाल्ला. फार चांगलं झालं होतं सुकट.

जेवणानंतर समिती हॉलमध्ये बसली. आधी दामलेसाहेबांचं दूध सांगून झालं, मग बाई फळ्यापाशी गेल्या. त्यांनी समितीतल्या दोघांची कोपरं धरायला हात पुढे केले तेवढ्यात त्यातला एक जण उठला आणि बाहेर धावला. बाई म्हणाल्या, "अजून धरलंच नाय." मग दुसरा उठला. मग देशकर, तोंडावर रुमाल धरून. आणि मग शेवटी मऊ आवाजाचे, चकचकीत बुटांचे दामलेसाहेब असे पळाले की एक बूट दारातच राहिला.

त्या मजल्यावर संडास एक होता.

पुढचा अर्धा तास मी सविस्तर लिहीत नाही. बादल्या लागल्या एवढं पुरे. बाईंनी पदर खोचला, शिपायाला मीठ-साखरेचं पाणी करायला धाडलं, चौघांना व्हरांड्यातल्या बाकांवर ओळीने आडवं केलं. हे सगळं करताना त्यांच्या खांद्यांना उचक्या लागल्यासारखं होत होतं.

"काहून हसून राहिल्या बाई तुम्ही?" देशकर क्षीण आवाजात म्हणाले.

"सर, रडले तर तुम्हाला अजून मळमळेल. जेवून किती वेळ झाला?"

"दोनेक तास असन."

बाईंचं हसू थांबलं. म्हणजे थांबलं असं नाही, डोळ्यांत गेलं. "एवढ्या लवकर? पोटात जाऊन वाढायला जंतूला वेळ लागतो. हे आयतं विष आहे. जेवणात आधीच करून ठेवलेलं. काय खाल्लं चौघांनी?"

"बासुंदी," एक जण म्हणाला आणि पुन्हा बादलीकडे वळला.

"अशक्य!" दामलेसाहेब बाकावर उठून बसले. "बासुंदी निर्जंतुक होती. रविवारी केली. दिवसभर वीज गेली, फ्रिज बंद, म्हणून मला शंका आली, म्हणून सोमवारी सकाळी पुन्हा खळखळून उकळली, नमुना प्लेटवर लावला, आज सकाळी पाहिला. प्लेट स्वच्छ होती! आरशासारखी! एक ठिपका नाही!"

सगळे जंतुशास्त्रज्ञच होते, त्यामुळे प्रत्येकाला ते एकाच वेळी कळलं. घरातल्या कुठल्याही बाईने दिवसभर गरम्यात राहिलेली ती बासुंदी तोंड वाकडं करून मोरीत ओतली असती. प्लेट लावून, स्वच्छ आली म्हणून पाहुण्यांना वाढायची अक्कल फक्त आमच्याच धंद्यात सापडते. उकळल्यावर जंतू मेले. हे विष उकळून मरत नाही. प्लेटवर मेलेला जंतू उगवत नाही आणि विष दिसत नाही.

"साहेब," बाई अगदी प्रेमाने म्हणाल्या, "बदाम कोणी सोलले?"

दामलेसाहेबांनी उजवा हात हळूच पाठीमागे नेला.

"पुढे करा."

अंगठ्याला पिकलेलं नखुरडं. पट्टी बांधलेली, पट्टी ओली.

"आगो बाय," नाखवाबाई म्हणाल्या आणि भिंतीला टेकून खाली बसल्या. मग त्या जे हसल्या ते तळमजल्यावर ऐकू गेलं. आडवे पडलेले देशकरही हसायला लागले, पोट धरून, "नका बाई, नका, दुखून राहिलं," असं म्हणत.

शेजारच्या रुग्णालयात चौघांना ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे ठीक होते, चेहरे तेवढे धुतलेल्या कपड्यासारखे. मी आणि बाई भेटायला गेलो. तोवर बाईंनी उरलेली बासुंदी आणि त्या विषाविरुद्धचा रक्तद्रव जेलमध्ये समोरासमोर ठेवला होता, आणि दोघं जिथे भेटले तिथे बारीक पांढरी रेघ उमटली होती. विष होतं. साहेबांच्या अंगठ्याच्या प्लेटवर तर त्याच पुवाच्या जंतूंचे पिवळेधमक ठिपके उगवले होते.

देशकर उशीला टेकून बसले होते. "बाई, तुमचं काम मंजूर. आमच्या तिघांच्या पोटाने सही केली. मेलेल्या जंतूचं विष काय करतं ते आम्हाला कोणी शिकवायला नको आता. कागद आणा, आत्ताच लिहून देतो."

मी पर्समधून पेन काढलं. माझी नोकरी त्या पेनच्या टोकाशी होती.

"नाय," नाखवाबाई म्हणाल्या.

"काय नाय?"

"पोटाची सही नाय चालणार सर. उलटी कशाने होते तो वेगळा प्रश्न, पेशींना विष कुठे चिकटतं तो वेगळा. एकच विष दोन्ही करतं, पण एकावरून दुसरं सिद्ध होत नाय. तुम्ही ओकलात म्हणून मी बरोबर ठरत नाय. साहेब अजून बरोबर असू शकतात. विष पाटीतून जात असलं तरी तुम्ही ओकलाच असता."

पलीकडच्या खाटेवरून दामलेसाहेब म्हणाले, "धन्यवाद."

मी बाईंच्या पायावर पाय दिला. त्यांनी तो बाजूला केला. "आज उलटीवर मंजूर कराल, तर पुढच्या वेळी धडधाकट पोटाचा माणूस येऊन नामंजूर करील. तुम्ही थांबा. तीन दिवस. प्रयोग बघा आणि मग काय ते लिहा. चुकले तर खोली साहेबांची."

देशकर उशीवरून पुढे झाले. "मी हो म्हणून राहिलो, आणि तुम्ही नाही?"

"हो. आणि सर, जरा बाही वर करता?"

डबा त्यांच्या पिशवीत होताच. रुग्णालयाच्या खाटेवर, सलाइन नुकतंच काढलेल्या समितीच्या अध्यक्षांचं रक्त त्यांनी काढलं. मग वळल्या. "साहेब, तुमचंही. तुमचं मत आहे, तुमच्या पेशींनाच विचारू."

त्या तीन दिवसांत माझं वजन नक्की उतरलं असणार. पेशी वेगळ्या केल्या, दाखवणाऱ्या ताठ केल्या, नळ्या लावल्या. बाई गाणी म्हणत होत्या. मी विचारलं, "बाई, नाही जमलं तर?"

"तर कळेल ना गो, कुठे चिकटत नाय ते. तेही कळलंच." मग जरा थांबून म्हणाल्या, "पण जमेल. नाय जमलं तर मी आईच्या शेजारी पाटी घेऊन बसेन. तुला कोलंबी फुकट."

तिसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाभोवती आम्ही सगळे. पहिली नळी: बांधलेली कोळीण आणि धनुर्वाताचं प्रथिन. पेशी लहान लहान, सुट्या, स्वस्थ. ही नळी दोघांचीही तशीच. बरं, मोकळ्या कोळणीला तेच प्रथिन दिलं तर काही घोळके जमले होते, म्हणजे पेशी जिवंत होत्या आणि लस त्यांना ओळखीची होती. मग विषाची नळी. बांधलेली कोळीण. बाई स्वतः बघायला तयार नव्हत्या. त्या पाठ करून खिडकीबाहेर बघत उभ्या राहिल्या, हात कमरेवर. त्यांचा वळेसर हलत होता. तेव्हा मला कळलं की ही बाई गेले तीन दिवस घाबरलेली आहे.

देशकरांनी डोळा लावला.

"अबब," ते म्हणाले. "ह्या माझ्या होत काय? टम्म फुगल्या. झुंडीच्या झुंडी. काय बाजार मांडला हो यायनं!"

"आणि साहेबांच्या?" बाईंनी खिडकीकडूनच विचारलं.

दामलेसाहेब वाकले. पट्टीचा अंगठा वर ठेवून त्यांनी स्क्रू फिरवला, पुन्हा फिरवला. मग सरळ उभे राहिले आणि मऊ आवाजात म्हणाले, "माझ्या जास्त ओरडतायत, नाखवाबाई."

बाई वळल्या. त्यांनी एका हाताने देशकरांचं कोपर धरलं, दुसऱ्या हाताने साहेबांचं, आणि दोघांना खोलीत गोल गोल फिरवलं. सेंट्रिफ्यूजच्या भोवती. समितीच्या अध्यक्षांना. देशकरांनी पेन मागितलं तेव्हा ते माझ्या हातात तयार होतं.

खोली राहिली. लगेच सांगून टाकते की यात जगाच्या पुढे जाण्यासारखं काही घडलं नाही. थोड्याच दिवसांत बोटीच्या टपालाने परदेशातलं मासिक आलं. बांधलेल्या पेशी, न कापलेलं विष, तोच प्रयोग, तोच निकाल. त्यांचं आधी छापून आलं होतं. मी मासिक बाईंच्या पुढे ठेवलं आणि दाराशी उभी राहिले. त्यांनी शेवटपर्यंत वाचलं आणि टेबलावर थाप मारली. "बघ! त्यांनाही तिथेच चिकटलेलं दिसलं! म्हणजे खरं आहे गो!" आणि लालबागच्या हलवायाकडून सगळ्यांना जिलबी आणायला पाठवलं. मी दोन दिवस त्यांच्या वतीने फुगून बसले होते. मग एकटीने फुगणं कंटाळवाणं झालं.

दामलेसाहेबांनी मात्र एक रीत सुरू केली. संस्थेत कुठलंही जेवण असलं, की पानावर बसण्याआधी ते नाखवाबाईंच्या समोर येऊन दहाही बोटं पसरून दाखवत. बाई एकेक तपासत, उलटसुलट करून, आणि "पास" म्हणत. नव्या लोकांना हा प्रकार कळत नसे. सुकटाचा डबा आता त्याच टेबलावर उघडे. साहेब तोंडाने श्वास घेत, पण उठून जात नसत.

बाई निवृत्त झाल्या तोवर आमच्या आसपासच्या गिरण्यांच्या चिमण्या एकेक करून पडत होत्या आणि त्यांच्या जागी काचेच्या इमारती येत होत्या. निरोपाच्या जेवणाला साहेब काठी टेकत आले, ते आधीच निवृत्त झाले होते. हातात पितळी डबा. हॉलमध्ये कुजबुज झाली. सगळ्यांना माहीत होतं आत काय आहे.

"आज सकाळीच केली," ते म्हणाले. "वीज होती. प्लेट लावलेली नाही." आणि काठी माझ्याकडे देऊन दहा बोटं पुढे केली.

बाईंनी एक हात पदराखाली ठेवून दुसऱ्या हाताने ती तपासली. मग म्हणाल्या, "वाढा साहेब. पण तुम्हीच. मी आज चमचा धरणार नाय." आणि पहिली वाटी त्यांनी घेतली, सगळ्यांच्या देखत, न थांबता संपवली, दुसरी मागितली. हॉलमधल्या निम्म्या लोकांनी घड्याळ बघितलं. उरलेली बासुंदी साहेबांनी बाईंच्या आईसाठी म्हणून डब्यातच बंद करून दिली.

आम्ही फाटकापर्यंत गेलो. टॅक्सीत बाई मागे बसल्या, डबा मांडीवर, त्याला हात न लावता, कोपरांनी धरलेला. टॅक्सी सुटली तशी त्यांनी खिडकीतून हात काढून हलवला. साहेब काठीवर वाकून बघत होते. एकदम ओरडले, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, "बाई! दुसरा हात?"

दुसरा हात खिडकीत आला. तर्जनीला भलीमोठी पट्टी होती, सकाळी मासा कापताना लागलेलं. त्यांनी ते बोट आम्हाला दाखवलं, झटकन आत घेतलं आणि मान मागे टाकून हसल्या. टॅक्सी नाक्यावर वळेपर्यंत आम्हाला ते ऐकू येत होतं.